जुना डेक, दुसरी गाडी: सेकंड-हँड म्युझिक सिस्टीम घरच्या घरी बसवताना

घरातली गाडी विकताना तिच्यातला चालू डेक काढून माळ्यावर ठेवायची आपल्याकडे पद्धतच आहे. पुढे कधीतरी तो मेहुण्याच्या आल्टोत नाहीतर शेतावरच्या बोलेरोत जातो. बसवायची वेळ आली की जो तो सांगतो, "रंगाला रंग जोडा, वाजायला लागेल." वाजतोही कधी कधी. पण डेकमागच्या वायरींचे रंग कंपन्यांनी बऱ्यापैकी ठरवून घेतलेले आहेत, गाडीच्या वायरिंगचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्यात गाडी सेकंड-हँड असेल तर आधीच्या वायरमनने हाताला लागेल त्या रंगाची वायर वापरलेली असते. म्हणून या कामात रंगापेक्षा मीटरचं ऐका. साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. तो नसेल तर आधी तो आणा, डॅशबोर्डला मग हात लावा.

सगळ्यात जास्त वेळा करावं लागणारं काम उदाहरणाला घेतो: बाजारात मिळणारा सिंगल डिन डेक, म्हणजे पायोनियर, सोनी, केनवुड, जेव्हीसी यांपैकी काहीतरी, आणि तो जाणार कंपनीकडून म्युझिक सिस्टीम न आलेल्या जुन्या छोट्या मारुतीत. बाकीच्या गाड्यांत जिथे फरक पडतो तिथे सांगत जाईन.

डेक गाडीत जाईल का?

सिंगल डिन म्हणजे तोंडाशी १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच. डबल डिन तेवढाच रुंद, पण १०० मिलिमीटर उंच. टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत कंपनीचा सेट २०० मिलिमीटर रुंद असतो. तो इतरांच्या खाचेत जात नाही. टोयोटाच्या खाचेत नेहमीचा डबल डिन जातो, पण दोन्ही बाजूंना फट राहते, तिच्यासाठी पट्ट्या मिळतात. खोलीही मोजा. सीडीवाले डेक लांब असतात, त्यात मागे कप्लर (वायरींचा एकत्र प्लग) आणि एरियलची वायर वळायला चार-पाच सेंटीमीटर जागा लागते. खाचेच्या मागे एसीचा डक्ट आडवा आला की डेक बोटभर बाहेरच राहतो.

कंपनीचा म्हणून डॅशच्या आकारात घडवलेला सेट, म्हणजे स्विफ्ट, वॅगन-आर, आय-टेन, आय-ट्वेंटी यांतला, दुसऱ्या मॉडेलमध्ये बसवायच्या फंदात पडू नका. तो त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये जातो, तेवढाच त्याचा उपयोग. उलट दिशेने, म्हणजे अशा गाडीत साधा डेक घालायचा असेल तर त्या मॉडेलची फ्रेम अॅक्सेसरीच्या दुकानात मिळते.

नव्या गाड्यांतले कंपनी सेट कॅन बसवर, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांच्या आपसातल्या संदेशांच्या वायरींवर, चालतात. अशा काही सेटना चावी फिरवल्याचं कळायला वेगळी वायरच नसते, गाडीचा कॉम्प्युटर त्यांना संदेश पाठवतो. दुसऱ्या गाडीत तो संदेश येत नाही आणि सेट ढिम्म राहतो. फोर्ड, होंडा, स्कोडा, फोक्सवॅगन यांच्या बऱ्याच कंपनी सेटना कोड लागतो. वीज तोडून जोडली की सेट कोड मागतो, चार-दोनदा चुकीचा टाकला की कुलूप लावून बसतो. कोडचं कार्ड नसेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आणि व्होल्टेज. मोटारी, जीप, छोटे टेम्पो १२ व्होल्टवर चालतात. मोठे ट्रक आणि बस यांत दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणजे २४ व्होल्ट. मोटारीचा डेक तिथे सरळ जोडला तर चालू होताहोताच जळतो. दोनपैकी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट उचलायचा जुगाड सर्रास चालतो, पण त्याने एक बॅटरी जास्त रिकामी होते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्हींचं आयुष्य घटतं. ट्रकसाठी १० अँपियर तरी देणारा २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टरच लावा.

पैसे देण्याआधी वाजवून बघा

पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर डेक घेत असाल तर दोन गोष्टी सोबत ठेवा: यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपियर-अवरची छोटी बॅटरी आणि एक चालू स्पीकर. मोबाइल किंवा राउटरच्या छोट्या अॅडॉप्टरवर तपासू नका. डिस्प्ले लागतो, पण आवाज वाढवला की डेक बंद पडून पुन्हा चालू होतो आणि चांगला डेकही खराब वाटतो.

पिवळी आणि लाल वायर एकत्र करून बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. डेक चालू झाला की स्पीकर चारही जोड्यांवर एकेक करून लावा. दुकानदार बहुधा एकाच जोडीवर वाजवून दाखवतो, आणि गेलेला चॅनल उरलेल्या तिघांत असतो. स्पीकर नसला तरी मीटरने अंदाज येतो. हल्लीच्या जवळपास सगळ्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मं व्होल्टेज असतं. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला धरा आणि लाल पिन आठही स्पीकर वायरींना टेकवत जा. सगळीकडे सहाच्या आसपास दिसलं तर ठीक. एखादीवर शून्य किंवा पूर्ण बारा दिसलं तर तो चॅनल गेलेला समजा.

मग आवाजाचं बटण सावकाश फिरवा. जुन्या डेकचं बटण झिजलेलं असलं की आवाज वाढवताना मध्येच कमी होतो. यूएसबीला ८ किंवा १६ जीबीचा, एफएटी३२ फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह लावा. मोठे पेन ड्राइव्ह जुने डेक वाचत नाहीत, त्यात डेकचा दोष नसतो. सीडीचे वेगळे पैसे देऊ नका, दहा-बारा वर्षं धूळ खाल्लेल्या लेन्सचा भरवसा नाही. स्टेशन साठवून, लाल वायर सोडून पुन्हा जोडा. स्टेशन विसरला नाही तर मेमरी ठीक.

रेडिओचा एक खास घोळ आहे. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या डेकचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झला सुरू होतो आणि जुन्या सेटमध्ये ९० लाच संपतो. आपली खासगी स्टेशनं ९१ च्या पुढे, म्हणजे त्यावर एकही लागणार नाही. अमेरिकेतून आलेला डेक फक्त विषम दशांशावर थांबतो: ९८.३ लागतं, पण पुण्याच्या विविध भारतीचं १०१.० लागत नाही. अमेरिकन डेकमध्ये हे बहुधा सेटिंगमधून बदलता येतं, जपानीत बहुधा नाही.

डेकसोबत मागची वायर कप्लरसकट, डेक खाचेत धरून ठेवणारा पत्र्याचा पिंजरा, तो सोडवायच्या बाजूच्या दोन चाव्या आणि ब्लूटूथ असेल तर बाहेरचा माइक मागून घ्या. सोळा पिनांचे कप्लर वरवर सारखे दिसतात, पण पायोनियरचा सोनीला चालत नाही. बिल मागा, निदान विकणाऱ्याच्या सहीची पावती तरी. काढता येणाऱ्या पुढच्या पॅनेलशिवाय विकायला आलेला डेक चोरीचा असण्याची शक्यता फार, आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

जुन्या गाडीतून काढताना

बॅटरीची मायनस तार आधी सोडा. त्या गाडीतल्या दुसऱ्या कशाला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. डेकच्या दोन्ही बाजूंच्या फटीत चाव्या सरकवल्या की पिंजऱ्याच्या जिभा सुटतात आणि डेक बाहेर येतो. चाव्या नसतील तर पातळ स्टीलच्या पट्टीने जमतं. जपानी पद्धतीच्या गाड्यांत मात्र डेक बाजूच्या ब्रॅकेटला स्क्रूने असतो, तिथे आधी भोवतीची ट्रिम उचकटावी लागते. त्यासाठी प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हरने डॅशवर कायमचे व्रण पडतात.

डॅशमागे पिवळ्या रंगाचे कप्लर किंवा पिवळ्या नळीतली वायर दिसली तर ती एअरबॅगची असते. तिला हात लावायचा नाही, तिच्यावर मीटरही लावायचा नाही.

डेकची वायर गाडीच्या वायरीला सोल्डर केलेली असेल तर जोडाच्या गाडीकडच्या बाजूला कापा, म्हणजे डेकला त्याची पूर्ण लांबी मिळते. गाडीकडची उघडी टोकं एकेक करून टेपने बंद करा, सगळ्यांची एक मोळी करून नव्हे.

डेकच्या मागचे रंग

बाजारातल्या डेकचे रंग हे:

- पिवळी: कायमचा १२ व्होल्ट, चावी बंद असतानाही. मेमरी आणि मुख्य ताकद दोन्ही हिच्यावर.
- लाल: चावी एसीसीवर (इंजिन सुरू करण्याआधीच्या पहिल्या टप्प्यावर) आल्यावर येणारा १२ व्होल्ट. हा फक्त चालू-बंदचा इशारा.
- काळी: अर्थ (अर्थिंग), म्हणजे गाडीची बॉडी किंवा बॅटरीचा मायनस.
- नारिंगी: पार्किंग लाइटची, डिस्प्ले मंद करण्यासाठी.
- निळी, आणि पांढऱ्या पट्ट्याची निळी: एरियल आणि बाहेरचा अॅम्प्लिफायर चालू करण्यासाठी.
- पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा स्पीकर. काळा पट्टा असलेली त्याच रंगाची वायर त्याची मायनस.

निळीचा गैरसमज फार. तिच्यातून डेक १२ व्होल्ट बाहेर देतो, आणि तोही अगदी थोडक्या करंटचा. तिला प्लस द्यायचा नाही, तिच्यावर लाइट किंवा पंखा चालवायचा नाही. लागत नसेल तर टोक टेपने बंद करून सोडून द्या.

व्हिडिओवाल्या डबल डिन सेटला आणखी दोन वायरी असतात, एक हँडब्रेकची आणि एक रिव्हर्स गिअरची. हँडब्रेकची वायर अर्थला जोडून गाडी चालवताना पडदा चालू ठेवायची युक्ती बहुतेक दुकानदार न विचारताच करून देतात. मी ती करत नाही आणि कुणाला करूनही देत नाही.

गाडीच्या वायरी मीटरने ओळखणे

खाचेचं झाकण काढलं की मागे गाडीचा कप्लर सापडतो. खालच्या व्हेरिएंटमध्येही तो बऱ्याचदा दिलेला असतो, डॅशच्या आत टेपने गुंडाळून बांधलेला. मिळाला तर अर्धं काम झालं: त्या गाडीच्या नावाने जोड कप्लर मागा, एका बाजूला गाडीचा आणि दुसऱ्या बाजूला सुट्या वायरी. गाडीचा मूळ कप्लर कापायचा नाही. तो शाबूत असला की उद्या गाडी विकताना डेक काढून घेता येतो, आणि गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला बोट दाखवायला जागा राहत नाही.

जोड कप्लर आणला तरी मीटरने तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही युरोपियन गाड्यांत कायमचा प्लस आणि चावीचा प्लस यांच्या जागा नेहमीच्या उलट असतात. म्हणून तर चांगल्या जोड कप्लरमध्ये लाल-पिवळीच्या मध्ये बुलेट क्लिप दिलेली असते, तिथे अदलाबदल करता येते.

आता क्रम. बॅटरी जोडलेली, चावी काढलेली, मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन कुठल्यातरी उघड्या, रंग नसलेल्या बोल्टवर धरा आणि लाल पिन कप्लरच्या पिनांना एकेक करून लावा. आता जिथे १२ ते १२.८ दिसतं तो कायमचा प्लस. कागदावर पिनांचं चित्र काढून तिथे खूण करा.

चावी एसीसीवर आणा. आता नव्याने ज्या पिनेवर व्होल्टेज आलं ती लाल वायरीची जागा. चावी बंद करून ते जातं का तेही बघा. मग पार्किंग लाइट लावा; नव्याने जी पिन जागी झाली ती नारिंगीची. डिस्प्लेचा प्रकाश कमी-जास्त करायचं चाक गाडीला असेल तर ते फिरवल्यावर या पिनेचं व्होल्टेज हलतं.

इथे मीटरही फसवू शकतो. गंजलेल्या किंवा एकाच तंतूवर टिकलेल्या वायरीवरही तो साडेबारा दाखवतो, कारण त्याला करंट लागतच नाही. कायमचा प्लस सापडला की त्यावर २१ वॅटचा ब्रेकलाइटचा दिवा लावून बघा. दिवा झगझगीत पेटला आणि मीटरचा आकडा जागचा फारसा हलला नाही तर ती वायर डेक पेलेल. दिवा मिणमिणला तर ती वायर सोडून द्या. हा दिवा फक्त ओळखून झालेल्या प्लसवर वापरा; माहीत नसलेल्या पिनांना दिवा टेकवत फिरलात तर गाडीचं एखादं इलेक्ट्रॉनिक युनिट जळू शकतं.

अर्थसाठी मीटर ओहमवर आणा. कप्लरची पिन आणि बॅटरीचं मायनस टोक यांच्यात जवळपास शून्य दिसायला हवं. पार्किंग लाइट बंद असताना नारिंगीची पिनही दिव्यांमधून अर्थ दाखवते, तिला अर्थ समजून काळी वायर लावली की लाइट लावल्याबरोबर फ्यूज जातो. म्हणूनच व्होल्टेज आधी तपासायचं, अर्थ नंतर.

स्पीकरच्या वायरी उरल्या. डेक जोडलेला नसताना, मीटर ओहमवर ठेवून पिनांच्या जोड्या तपासा. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेतीन दाखवतो. जोडी सापडली की दीड व्होल्टचा पेन्सिल सेल तिला क्षणभर टेकवा. ज्या स्पीकरमधून टक् असा आवाज आला तो त्या जोडीचा. जाळी काढून कोनाकडे बघितलंत तर प्लस-मायनसही कळतं: सेलचा प्लस ज्या वायरीला असताना कोन बाहेर येतो ती प्लस.

मग प्रत्येक स्पीकर वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात ओहम तपासा. काहीच दिसायला नको. जुन्या गाड्यांत कुणी स्पीकरची एक वायर बॉडीला अर्थ करून दुसरी तेवढी डेकपर्यंत आणलेली असते. टेपच्या जमान्यातल्या काही सेटना ते चालायचं. आताच्या डेकला नाही. त्याच्या स्पीकर मायनसवर सहा व्होल्ट असतात हे वर आलंच. ती बॉडीला टेकली की आतल्या आयसीवर (आवाज वाढवणाऱ्या चिपवर) ताण येतो, डेक बंद तरी पडतो किंवा जळतो. तेव्हा अशी गाडी मिळाली तर प्रत्येक स्पीकरला दोन स्वतंत्र वायरी नव्याने टाका. दाराच्या रबरी नळीतून वायर ओढणं वेळखाऊ असतं, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

स्पीकर ४ ओहमपेक्षा कमीचे नकोत, आणि एका जोडीवर दोन स्पीकर पॅरललमध्ये नकोत. डेकवरच्या "५० वॅट गुणिले ४" या अक्षरांना भुलून मोठे स्पीकर घेऊ नका. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला कागदावरच जेमतेम २६ वॅट निघतात, हाती वीसच्या आत-बाहेर लागतात.

जोडणी

बॅटरीची मायनस तार सोडा. जोड कप्लरच्या आणि डेकच्या वायरी टेबलावर बसून जोडा, डॅशखाली डोकं घालून नव्हे. वायरीवर आधी हीट श्रिंकचा (तापवल्यावर आकसणाऱ्या नळीचा) तुकडा सरकवा, दोन्ही टोकं एक सेंटीमीटर सोला, एकमेकांत पिळा, डाग द्या, मग स्लीव्ह जोडावर आणून तापवा. सोल्डरिंगचा हात नसेल तर चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने जोड कप्पी दाबा. नुसतं पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड आपल्या उन्हाळ्यात टिकत नाही. डॅशच्या आत टेपचा गोंद पातळ होतो, टेप घसरतो आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पिवळी वायर पत्र्याला टेकते.

गाडीत कप्लरच नसेल तर लाल वायर फ्यूज बॉक्समधल्या सिगारेट लायटरच्या फ्यूजवरून घ्या. एका फ्यूजच्या जागी दोन फ्यूज बसणारा पिगीबॅक होल्डर मिळतो, त्याने वायर न सोलता जोड घेता येतो. पिवळीसाठी बॅटरीपासून वेगळी दीड स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड वायर आणा, तिच्यात बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज होल्डर घाला आणि इंजिनच्या भिंतीतून रबरी बुशमधूनच आत घ्या. डेकच्या पाठीवर १० अँपियरचा फ्यूज असेल तर इथेही १० किंवा फार तर १५. काळी वायर डॅशमागच्या जाड पत्र्याच्या बोल्टला, रंग खरवडून, रिंग टर्मिनल लावून.

लाल आणि पिवळी दोन्ही कायमच्या प्लसला जोडायचा शॉर्टकट घेऊ नका. मग डेक चावीने बंद होत नाही, बटणाने बंद केला तरी काही डेक आतून जागेच राहतात. समजा २०० मिलिअँपियर ओढले, तर दिवसाला ४.८ अँपियर-अवर जातात. छोट्या मारुतीची ३५ अँपियर-अवरची बॅटरी आठवडाभर गाडी उभी राहिली की झोपते.

एरियल

जुन्या गाड्यांचा जाड पिनचा एरियल प्लग सरळ डेकमध्ये जातो. युरोपियन आणि नव्या गाड्यांत छोटा चौकोनी रंगीत फाकरा प्लग असतो, त्याला जोड प्लग लागतो. छतावरच्या बुटक्या एरियलमध्ये बहुधा बूस्टर असतो आणि त्याला १२ व्होल्ट हवे असतात. काही गाड्यांत ते कप्लरमधल्या वेगळ्या वायरीने जातात, तिथे डेकची निळी जोडा. फोक्सवॅगन, स्कोडात ते एरियलच्या केबलमधूनच जातात, तिथे वीज आत सोडणारा खास जोड प्लग घ्यावा लागतो. गाव सोडलं की रेडिओ खरखरतो, शहरात ठीक लागतो, अशी तक्रार असेल तर बूस्टरला वीज नाही असं आधी समजा. दुसरा संशयित डॅशकॅमचा किंवा मोबाइलचा स्वस्त चार्जर. तो सॉकेटमधून उपटून बघा, स्टेशन स्वच्छ झालं तर चार्जर बदला.

पहिल्यांदा चालू करताना

डेक खाचेत ढकलायच्या आधी मांडीवर ठेवून चालवा, त्याचा पत्रा कुठल्या उघड्या वायरीला टेकणार नाही असा. एरियल मुद्दाम काढलेला ठेवा. एरियलच्या केबलची बाहेरची जाळी बॉडीला अर्थ असते. त्यामुळे काळी वायर नीट लागलेली नसली तरी एरियल लावल्यावर डेक चालू होतो आणि सगळा करंट त्या बारीक जाळीतून जातो. एरियलशिवाय डेक बंद आणि लावला की चालू, असं दिसलं तर काळी वायर पुन्हा शोधा.

आता बॅटरी जोडा, चावी एसीसीवर आणा, डेक अगदी कमी आवाजात लावा. बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडरने (पुढचा-मागचा) एकेक स्पीकर वेगळा ऐका. डावा-उजवा उलटा आला असेल तर आत्ताच बदला. चावी बंद, डेक बंद झाला पाहिजे. पाच मिनिटांनी पुन्हा चालू, स्टेशन जागेवर असलं पाहिजे. इंजिन सुरू करा आणि पिवळीवर व्होल्टेज बघा, १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवं. स्टार्टर फिरताना डेक क्षणभर बंद होणं दोष नाही.

फ्यूज गेला तर कारण शोधा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून किंवा ३० अँपियरचा फ्यूज घालून पुढे जाणाऱ्यांच्या गाडीत पुढच्या वेळी वायरिंग जळतं.

सगळं ठीक असेल तर खाचेत बसवा. पिंजरा वापरणार असाल तर तो आधी बसवून त्याच्या जिभा पेचकसाने वाकवून घट्ट करा. ब्रॅकेट असेल तर डेकच्या बाजूला एम५ चे आखूड स्क्रू, म्हणजे ८ मिलिमीटरपेक्षा लांब नाहीत असे. घरातल्या डब्यातला अर्ध्या इंचाचा स्क्रू घातला तर तो आतल्या सर्किटपर्यंत पोचतो, आणि आतापर्यंत नीट वाजणारा डेक कसताकसताच मरतो. वायरींची मोळी डेकच्या मागे न दाबता खालच्या मोकळ्या जागेत सोडा, तिच्याभोवती फोमची पट्टी गुंडाळा, नाहीतर खडखड ऐकत बसाल. मागच्या बाजूला रबरी बुश किंवा पट्टीचा आधार द्या. जड सीडी डेक नुसता पुढच्या पिंजऱ्यावर लोंबकळत ठेवला तर महिन्याभरात नाचायला लागतो.

नंतरच्या तक्रारी

स्टेशन आणि वेळ रोज विसरतो: पिवळीला कायमचा प्लस मिळत नाही, किंवा लाल-पिवळी उलट लागल्या आहेत. लाइट न लावताही डिस्प्ले मंद: नारिंगी चुकीच्या जागी आहे.

आवाज पोकळ, बेस नाही, बॅलन्स एका बाजूला ढकलला की मात्र बरा वाटतो: एका स्पीकरचा प्लस-मायनस उलटा आहे. आवाज मोठा केला की डेक बंद पडतो: बारीक वायर, कच्चा अर्थ किंवा दमलेली बॅटरी. मोठ्या आवाजात डेकचा पत्रा आणि बॅटरीचं मायनस यांच्यात व्होल्टेज मोजा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ कच्चा आहे.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी कुईं अशी शिट्टी ऐकू आली तर बघा, मोबाइल चार्जिंगला आणि ऑक्स वायरीला एकाच वेळी लावलाय का? दोन्हीकडून अर्थ मिळून ती शिट्टी येते. चार्जर काढा, ब्लूटूथ वापरा किंवा ऑक्समध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. मोबाइल नसतानाही शिट्टी असेल तर काळी वायर दुसऱ्या बोल्टवर घ्या.

डिस्प्लेवर मिसवायरिंग, प्रोटेक्ट किंवा अॅम्प एरर आलं तर आठही स्पीकर वायरी सोडा आणि पुन्हा चालू करा. संदेश गेला तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये आहे. दाराच्या बिजागरीजवळ आणि ट्रिमच्या स्क्रूखाली चेपलेली वायर शोधा. राहिला तर डेकचा आउटपुट आयसी गेला. दुरुस्तीवाले तो बदलून देतात, पण मजुरी धरून खर्च डेकच्या किमतीच्या जवळ जात असेल तर सोडून द्या.

रात्री एकदा गाडीचा झोपेतला करंट मोजा. चावी काढून, दारं लावून अर्धा तास जाऊ द्या. मीटर १० अँपियरच्या खाचेत लावून बॅटरीची मायनस तार आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. मीटर जोडलेला असताना स्टार्टर फिरवायचा नाही, मीटरचा फ्यूज जाईल. आकडा ५० मिलिअँपियरच्या आत असला तर निश्चिंत. जास्त असेल तर डेकचा फ्यूज काढून बघा, फरक पडला तर लाल वायर पुन्हा तपासा.

डेक महागाचा असेल तर विमा कंपनीला कळवा. कंपनीकडून न आलेली विद्युत अॅक्सेसरी पॉलिसीत वेगळी नोंदवावी लागते, आयएमटी-२४ या मोटार विम्याच्या जोडकलमाखाली, जाहीर किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम भरून. म्हणजे १०,००० च्या सेटला वर्षाला ४०० रुपये, कर वेगळा. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर डेकचे पैसे मिळत नाहीत. नोंदवताना किमतीचा पुरावा मागतात, तिथे जुन्या बाजारातली ती पावती लागते.